प्रभंजनाचा डावा हात

अंतराळातल्या हंगामातून आपल्याला काय काय मिळणार, याची मोजदाद कौस्तुभ नाडकर्णीनं मेकअपच्या खुर्चीत बसूनच केली होती. पहिले म्हणजे गुडघे. ‘पंचरक्षक’ मालिकेत अकरा वर्षं तो प्रभंजन होता, वाऱ्याला हुकूम सोडणारा. वाऱ्याला हुकूम सोडायचा तर एका गुडघ्यावर बसूनच, असं पहिल्या भागात कुणीतरी ठरवून टाकलं होतं आणि त्या कुणीतरीचे स्वतःचे गुडघे त्यात नव्हते. दुसरं म्हणजे मोकळ्या संध्याकाळी. कर्जतच्या पुढं डोंगराच्या पायथ्याशी स्टुडिओ, आठवड्यातून सहा दिवस शूटिंग. संध्याकाळ ही चीज त्यानं इतकी वर्षं सेटच्या पडद्यावर रंगवलेलीच पाहिली होती. तिसरी गोष्ट त्यानं मेकअपवाल्यालाही सांगितली नाही. ती म्हणजे वृंदा.

वृंदा त्याची बायको. ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. दोन वर्षांपूर्वी तिनं नाशिकला बदली मागून घेतली. भांडण असं काही झालं नव्हतं. “घरी येतोस तेव्हाही मुखवटा काढायचा राहूनच जातो तुझा,” एवढं म्हणाली आणि स्वतःचा कुकर पिशवीत घालून गेली. तेव्हा संध्याकाळी मोकळ्या झाल्या की नाशिकला जायचं, कुणी न सांगता भाजी चिरायला बसायचं, असा कौस्तुभचा बेत होता.

याच्या बदल्यात द्यायचं काय, तर एक सही, आणि एक दुपार कॅमेऱ्यांच्या गोल पिंजऱ्यात उभं राहणं. पुढचं पडद्यावरचं काम यंत्र करणार होतं. इतक्या स्वस्तात भाजीवालीनं मेथी दिली असती तर कौस्तुभनं जुडी सोडून आतली पानं तपासली असती. इथं त्यानं सही केली.

मालिकेचं दुखणं साधं होतं. पाच रक्षकांनी शहर इतक्या वेळा वाचवलं होतं की आता शहरच कंटाळलं होतं. निर्मात्या गुप्ते मॅडमनी मीटिंगमध्ये रिकामा कप बशीवर उपडा घातला. “पृथ्वी संपली,” त्या म्हणाल्या. “सगळ्यांना वर पाठवा.”

म्हणून पाचही जण काळाच्या भोवऱ्यात सापडून पुढच्या शतकात फेकले गेले. शनीभोवती फिरणारं, बांगडीच्या आकाराचं कंकणपूर. तिथं हवा रेशनवर. माणशी श्वास ठरलेले. मोठ्यानं हसलं की श्वास कापले जायचे. आया मुलांना बोलायच्या आधी गप्प बसायला शिकवायच्या. अशा गावात वाऱ्याचा राजा येऊन पोचतो आणि हुकूम सोडायला वाराच नसतो. शिवाय प्रवासानं तीस वर्षं खाल्लेली. पाचही रक्षक म्हातारे होऊनच तिथं उतरतात. गुप्ते मॅडमना कथेतलं फारसं कळत नसे, पण माणसं कशाला भितात ते अचूक कळे.

म्हातारपण देण्याचं काम वयोयंत्राकडं होतं. आजवर पडद्यावर एखाद्याला म्हातारा करायचा म्हणजे यंत्र हजारो परक्या म्हाताऱ्यांचे चेहरे बघून अंदाज बांधायचं. सुरकुत्या खऱ्या वाटायच्या, पण त्या कुणाच्याही असायच्या. ‘पंचरक्षक’च्या गोदामात मात्र जगात दुसरीकडं नव्हतं असं काहीतरी पडून होतं: तीच माणसं, तेच दिवे, तोच कोन, वर्षानुवर्षं, जवळजवळ रोज. कुठला डॉक्टर आपल्या रोग्याकडं इतकं बघतो? पापणी किती वेळानं लवते, चालताना हात किती झुलतो, बोटं किती फाकतात, हे सगळं केसभर बदलत असतं. डोळ्याला ते दिसत नाही. पण असे केसभर बदल एकापुढं एक मांडत गेलं की त्यांची रेघ होते, आणि ती रेघ कुठं निघालीय ते यंत्राला दिसतं. वयोयंत्र म्हातारपण कल्पनेनं रचत नव्हतं. शरीरात आत्ता जे चालू आहे तेच ते पुढं नेत होतं.

पहिलं दृश्य बघायला सगळं युनिट जमलं. पडद्यावर कंकणपूरच्या लोखंडी चौकात म्हातारा प्रभंजन उभा राहिला. गाल कौस्तुभचेच, फक्त खाली ओघळलेले.

“हनुवट्या दोन दिल्यात,” कौस्तुभ कुरकुरला.

“एक तर आत्ताच आहे,” गुप्ते मॅडम म्हणाल्या.

म्हाताऱ्यानं डावा तळवा उचलला. वाऱ्याला बोलवायची ही त्याची जुनी खूण. गावोगावच्या पोरांना पाठ. वारा आला नाही. हात हळूहळू खाली आला, मांडीपाशी विसावला, आणि अंगठा तर्जनीवर घासायला लागला, जणू दोन बोटांत न दिसणारी गोळी वळतोय. थांबेचना.

मग टाळ्या पडल्या. मागं खांबाला टेकून उभा असलेला रंगनाथ लोंढे टाळ्या वाजवायला विसरला आणि त्यानं हात खिशात घातले. रंगनाथ हा प्रभंजनाचा डुप्लिकेट. मूळचा मिरजेचा मल्लखांबपटू. प्रभंजन उडतो, लोंबकळतो, छपरांवरून झेपावतो, तो सगळा रंगनाथ.

“हे मी घातलेलं नाही,” वयोयंत्र चालवणारा निमिष म्हणाला.

“मग काढूही नकोस,” मॅडम म्हणाल्या.

“काढून बघितलं, मॅडम. कंप काढला की हात झुलायचा थांबतो. तो झुलवला की पापण्या लवत नाहीत. सगळं एकाच धाग्यातलं आहे.” मग निमिष कौस्तुभजवळ आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, “सर, एकदा दाखवून घ्या कुठंतरी. कंपवात असाच सुरू होतो. माझ्या आजोबांना होता.”

“पण हा तर तीस वर्षांनंतरचा आहे.”

“कंप नंतरचा आहे. रेघ आजची आहे.”

त्या दिवसापासून कौस्तुभचा डावा हात कौस्तुभच्या घरी पाहुण्यासारखा राहू लागला. तो काय करतो, कुठं ठेवला जातो, उठतो कधी, यावर सारखी नजर. चमचा डाव्या हातात धरून बघ, कप भरून तो समोर धर, सही करून जुन्या सहीशी ताडून बघ. हात स्थिर असला की आत्ता नाही म्हणून धास्ती, आणि टक लावून बघून बघून जरासा हलला की आलाच म्हणून धास्ती. निमिषची शंका सेटबाहेर फुटली होतीच, आणि भाग प्रसारित झाला तेव्हा तर हद्द झाली. शाळाशाळांत पोरं मांडीपाशी अंगठा घासत म्हाताऱ्या प्रभंजनाची नक्कल करू लागली. सोसायटीतले जोगळेकरकाका लिफ्टमध्ये त्याचा हात हातात घेऊन म्हणाले, “आमच्या मेहुण्यांना अश्वगंधानं गुण आला होता. पुढं गेले ते, पण वेगळ्या कारणानं.”

गुप्ते मॅडमनी वार्ताहर बोलावले. स्वतःचंच दुखणं स्वतः साकारणारा नट, असं छापून आलं. कौस्तुभला गलबलून आलं. मॅडम त्याला म्हणाल्या, “बाहेर कॅमेरे आहेत. इथं का वाया घालवतोयस?”

त्या आठवड्यात एका बिनचालकाच्या टॅक्सीनं सोसायटीच्या दारात आवाज दिला, “आपलं ठिकाण आलं आहे.” वृंदा उतरली. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात पिशवी, पिशवीत कुकर.

“कुकर कशाला आणलास?” कौस्तुभनं विचारलं. विचारायचं होतं दुसरंच.

“तुझ्या कुकरची शिट्टी कधी धड होती?” ती आत आली, त्याच्याकडं बघितलं, आणि त्याचा डावा हात हातात घेऊन सोफ्यावर बसली. दोन वर्षांच्या फोनांनी जे झालं नव्हतं ते अजून न झालेल्या रोगानं केलं. कौस्तुभच्या मनात पहिल्यांदाच आलं की दुखणं वाईट असतं, पण अगदीच नफा नसतो असं नाही.

मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. साठ्येंकडं गुरुवारची वेळ मिळाली. त्यांनी त्याला चालवलं, वळवलं, बोटं उघडमीट करायला लावली. डोळे मिटून लवंग, साबण, कॉफी हुंगायला दिली; या रोगात हात हलायच्या कितीतरी आधी वास जातो म्हणे. मेंदूतल्या डोपामिनचं चित्र आदल्या आठवड्यात काढलेलंच होतं. ते बघून त्यांनी चष्मा काढला.

“नाडकर्णी, तुम्हाला कंपवात नाही. वजन कमी करा.”

“पण ते यंत्र...”

“यंत्राची चूक नाही. मी ते दृश्य तीनदा बघितलं. असा कंप कुणी कल्पनेनं काढत नाही. तो कुणाला तरी आहे.” त्यांनी चष्मा परत घातला. “तो हात तुमचाच आहे ना?”

कौस्तुभ हसला. मग त्यानं स्वतःच्या पंजाकडं बघितलं आणि त्याचं हसू मावळलं.

सेटवर हाताचे जवळून घ्यायचे तुकडे, ज्यांना तिथं इन्सर्ट म्हणतात, ते नेहमी मुख्य नट गेल्यावर घेतले जातात. त्याची शिफ्ट महाग, मुठी वळण्यात ती कोण खर्च करणार? कौस्तुभ गाडीत बसायचा तेव्हा रंगनाथ मुखवटा चढवून कॅमेऱ्यापुढं तळवा उचलत असायचा. गावोगावच्या पोरांना पाठ असलेला तळवा रंगनाथचा होता. मुखवट्यातली चाल त्याची, झेप त्याची. आणि सेटवर कुणाला स्वतःचं नाव नसतं. सगळे एकमेकांना पात्राच्या नावानं हाक मारतात. हे दोघं ‘बोलता प्रभंजन’ आणि ‘उडता प्रभंजन’. चित्रीकरणाच्या साठ्यावर तर तेवढाही भेद नव्हता. सगळ्यावर एकच चिठ्ठी: प्रभंजन. यंत्राला कुणी सांगितलंच नव्हतं की हे दोघं आहेत. त्यानं एकाचा चेहरा घेतला, दुसऱ्याचं अंग घेतलं, आणि मिळून एक म्हातारा केला.

“त्यांना घेऊन या,” डॉ. साठ्ये म्हणाल्या. “बरा होत नाही हा रोग, पण लवकर कळला तर औषधावर आणि व्यायामावर बरीच वर्षं चांगली जातात. काम काय करतात ते?”

“उडतात.”

“म्हणजे?”

“वायरवर. दोरांवर लटकतात.”

“मग आजच सांगा. या रोगात मेंदूनं सोडलेला निरोप हाताला उशिरा पोचतो. जमिनीवर असेल तर पेला पडतो. वर असेल तर माणूस.”

बाहेर बाकावर वृंदा मोसंबं सोलत बसली होती. त्याला बघून ती उठली नाही, फक्त सरकून जागा केली. “काय म्हणाल्या?”

उत्तर एका वाक्याचं होतं. पण त्या वाक्याला कुकर बांधलेला होता, नाशिकची गाडी बांधलेली होती, सोफ्यावर हातात हात घेऊन बसणं बांधलेलं होतं. कौस्तुभनं ते वाक्य उचलून बघितलं आणि परत ठेवलं.

“अजून तपासण्या करायच्यात म्हणे.”

“करू,” वृंदा म्हणाली आणि त्याच्या तळव्यावर एक फोड ठेवली.

रंगनाथला सांगायचं नाही असं त्यानं ठरवलं नव्हतं. इतका काही तो वाईट नव्हता. फक्त रविवारी हंगामाचा शेवटचा मोठा शॉट होता, तो झाला की सोमवारी सांगायचं. पुढच्या हंगामात साहसदृश्यांचा सगळा कारभार रंगनाथकडं देण्याचं मॅडमनी कबूल केलं होतं. आत्ता हे कळलं तर ते हातचं जाईल. म्हणजे न सांगणं हे एक प्रकारे त्याच्याच भल्याचं. कौस्तुभनं हे इतकं नीट जुळवलं की शेवटी त्याला आपण थोर आहोत असंही वाटून गेलं.

तो शॉट खरा घ्यायला लागणार होता, कारण यंत्राला पडता येत नव्हतं. कंकणपूरच्या खोल विहिरीत प्रभंजन उडी टाकतो हे यंत्रानं काढून दिलं होतं, पण चाचणीला बसलेल्या प्रेक्षकांच्या मनगटावरची घड्याळं ढिम्म. एकाचीही नाडी वाढली नाही. माणूस पडतोय की नाही हे माणसाच्या पोटाला कळतं, त्याला फसवता येत नाही. म्हणून स्टुडिओत चार मजली लोखंडी विहीर उभी केली होती. रंगनाथनं डाव्या हातानं कडीला लटकायचं, झोका घ्यायचा, उजव्या हातानं पुढचा दोर धरायचा.

रविवारी सकाळी कौस्तुभ वृंदाला घेऊन सेटवर गेला. रंगनाथ एका उपड्या पेटीवर बसला होता. कमरेचा पट्टा शेजारी पडलेला. अजून बांधला नव्हता. दिव्याला लागून काळी चिकटपट्टी जळत होती. त्या वासानं माणसं नाकाला रुमाल लावून पांगली होती. रंगनाथ तिथंच निवांत बसून होता. कौस्तुभच्या ते लक्षात आलं, आणि लक्षात आलं याचाच त्याला राग आला.

“काय रंगा, पट्टा नाही चढवलास?”

“चढवतो की. बसा सर. वहिनी, तुमी पण बसा.” रंगनाथनं पेटीवर जागा केली. “डॉक्टरीणबाई काय म्हणल्या?”

“काय म्हणणार? चालवलं, फिरवलं. साबण हुंगायला दिला.”

“साबण?” रंगनाथ जरा थांबला. “आणि आला का वास?”

“मेकअपच्या खोलीत अकरा वर्षं काढलीत. साबणाचं काय कौतुक?”

रंगनाथ हसला नाही. तो पट्ट्याची बकल उघडत होता, मिटत होता. “सर, एक विचारू? राग नका मानू. रोग तुमचाच हाय न्हवं? नक्की?”

वृंदा थर्मासमधून चहा ओतत होती. तिचा हात थांबला नाही, पण कान इकडं होते. कौस्तुभला वाटलं, या सेटवर आजवर इतके संवाद पाठ केले, एवढ्याला कुणी लिहून का दिलं नाही?

“माझाच,” तो म्हणाला. “अजून तपासण्या आहेत, पण माझाच.”

रंगनाथ त्याच्याकडं बघत राहिला. मग त्याचा चेहरा आवळलेली मूठ सुटावी तसा सुटला. “काळजी नका करू. मल्लखांबाच्या पोरांना बोटांचा व्यायाम देतो, तोच तुमाला देतो. आणि न्हाईच जमलं तर माझा हात हायच की. आजवर तुमचा म्हणूनच खपलाय.” तो स्वतःशीच हसला. वृंदाकडून चहा घेतला, वर अजून अर्धा कप मागून घेतला, आणि उभा राहून पट्टा आवळला.

किती निश्चिंत माणूस, कौस्तुभच्या मनात आलं. त्याला चक्क हेवा वाटला.

रंगनाथ वर चढला. कडीला लटकला. मॅडमनी हात केला. झोका सुरेख गेला; परतीच्या वेळी डाव्या मुठीनं क्षणभर आणखी आवळून राहायचं होतं. निरोप उशिरा पोचला; ती मूठ आधीच सुटली होती. सुरक्षेच्या वायरनं त्याला जमिनीपर्यंत जाऊ दिलं नाही, पण वायर धरते ती माणसाला, त्याच्या झोक्याला धरत नाही. तो कमरेनं लोखंडी खांबावर आदळला. खाली गाद्यांवर उतरवला तेव्हा शुद्धीवर होता आणि “शॉट गेला का वाया?” असं विचारत होता.

माणसं धावली, अँब्युलन्सला फोन गेला. वृंदा गाद्यांपाशी गुडघ्यांवर बसली. रंगनाथचा डावा हात त्याच्या मांडीशेजारी पडला होता. बाकीचं अंग वेदनेनं ताठलेलं, आणि तो एकटा हात आपल्याच नादात होता. अंगठा तर्जनीवर अगदी हलका फिरत होता.

तिनं तो हात बघितला. मग मान वळवून कौस्तुभकडं बघितलं. आश्चर्य त्यालाही वाटायला हवं होतं, पण त्याच्या तोंडावर ते नव्हतं; तिला तेवढं पुरलं.

“तुला कधी कळलं?”

“गुरुवारी.”

“मोसंब्याच्या आधी की नंतर?”

“आधी,” कौस्तुभ म्हणाला.

ती अँब्युलन्समध्ये रंगनाथबरोबर गेली.

खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाल्यावर चौथ्या दिवशी कौस्तुभ हॉस्पिटलात गेला. काय बोलायचं ते त्यानं वाटेत चारदा म्हणून बघितलं होतं. आत गेल्यावर त्यातलं एकही वाक्य आलं नाही. जे आलं ते तुटक आलं. डॉ. साठ्ये काय म्हणाल्या ते, गुरुवार, मोसंबं, सोमवारी सांगणार होतो ते. रंगनाथनं सगळं ऐकून घेतलं.

“मला पहिल्याच दिवशी वाटलंवतं,” शेवटी तो म्हणाला. “सगळे टाळ्या वाजवत होते तवा. माझा हात मी वळखणार न्हाई का सर? तीळ पण हाय त्याच्यावर. वर्ष झालं, मला वास येत न्हाई. बायकोनं कालवण करपवलं तरी मी जेवून उठतो, तिला वाटतं लई गुणाचा नवरा.” त्याला हसायचं होतं, खुब्यानं हसू दिलं नाही. “रविवारी मॅडमना सांगणारच होतो, मला वर जायला नको म्हणून. पट्टा बी बांधला नव्हता.”

“मग?”

“मग तुमी म्हणला, रोग तुमचाच. इतक्या मोठ्या डॉक्टरनं बघून सांगितलं म्हणल्यावर खरंच असणार. मला वाटलं, आपला हात नुसता दमलाय.” रंगनाथनं नजर खिडकीकडं वळवली. “सर, एक हाय. रागावू नका. तुमाला रोग हाय म्हणल्यावर मला आनंद झाला. तुमी शेजारी बसलेलासा, वहिनी चहा देत होत्या, आणि मी मनात म्हणलं, बरं झालं, सुटलो. लई वाईट विचार आला तो. तेवढ्याची माफी करा.”

नर्सनं येऊन वेळ संपल्याचं सांगितलं तेव्हा कौस्तुभला बरं वाटलं, आणि आपल्याला बरं वाटलं हेही त्याला दिसलं.

पुढं निमिषनं साठा वेगळा केला. बोलता एकीकडं, उडता एकीकडं. यंत्रानं कौस्तुभच्या अंगावरून नवा म्हातारा काढला. त्याचा हात खणखणीत स्थिर. प्रेक्षकांनी कळवलं की प्रभंजनाचा अभिनय उतरलाय. तेव्हा गुप्ते मॅडम फळं घेऊन, तोच जुना हात वापरायच्या परवानगीची सही घ्यायला रंगनाथकडं गेल्या. त्यानं सही दिली, एका अटीवर. आता रोज संध्याकाळी कंकणपूरच्या लोखंडी चौकावर नावं येतात: प्रभंजन, कौस्तुभ नाडकर्णी. खाली थोड्या बारीक अक्षरांत: प्रभंजनाचा हात, रंगनाथ लोंढे. सगळ्या आयुष्यात त्याचं नाव पडद्यावर आलं ते हे. तो मिरजेला परत गेला आहे. खुर्चीत बसून पोरांना मल्लखांब शिकवतो. औषध चालू आहे, वर मात्र आता कुणी चढू देत नाही.

कौस्तुभ ती नावं घरी सोफ्यावर बसून बघतो. यादीतलं त्याला बहुतेक मिळालं: गुडघ्यांना आराम आहे, संध्याकाळी तर सगळ्याच्या सगळ्या त्याच्या आहेत. मॅडमना अजून दोन हंगाम मिळाले. वृंदा नाशिकला आहे, कुकरसकट. आणि या सगळ्याचं जे काही देणं झालं ते रंगनाथनं दिलं, तेही वर माफी मागून.